बडग्यांच्या रांगेतला बर्फाचा डोंगर

मित्रांनो, मी डोंगर आहे. बांबूच्या कामट्या, रद्दी कागद आणि मैद्याची खळ यांवर माझा देह उभा आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या पाठीला मोठं ठिगळ आहे. एका कड्याला खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीची, पन्नी चिकटली आहे, ती काही केल्या निघत नाही. तरीही मी डोंगरच आहे. यावरून माझ्याशी ज्यांनी ज्यांनी वाद घातला ते सगळे हरले. तेव्हा तुम्ही वाद घालू नका, माझी हकीकत ऐका.

मला एक थोरला भाऊ आहे. तो पृथ्वीच्या तळाशी, अंटार्क्टिका खंडावर उभा आहे. त्याच्या चहूबाजूंना बर्फाचं मैदान पसरलं आहे. ते इतकं मोठं आहे की आपला अख्खा विदर्भ त्यात कुठं सांडला तर शोधत बसावं लागेल. उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळायचं नाव घेत नाही, नुसता गोल गोल फिरत राहतो, आणि हिवाळ्यात उगवायचं नाव घेत नाही. थोरल्याच्या अंगावर झाड नाही की गवताची काडी नाही. दगडाच्या फटींत तेवढं दगडफूल उगवतं, तुमच्या घरच्या मसाल्यात असतं ना, त्याच्याच जातकुळीचं. खंडाच्या आतल्या उंच पठारावर हवा गारठून जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडे धावत सुटते. वाटेत थोरला उभा असतो. वारा त्याला धडकतो, बर्फ खरवडून नेतो, पायाशी मोठी खळगी पाडतो आणि मग दोन्ही अंगांनी निघून जातो. थोरला हलत नाही. लोकांना त्याचं फक्त डोकं दिसतं. बाकीचं सगळं अंग बर्फाखाली गाडलेलं आहे, आणि तो बर्फ काही ठिकाणी किलोमीटरहूनही जाड आहे. असा माझा भाऊ आहे. त्याच्यावरून मला घडवलं, म्हणून मी कुणापुढे मान खाली घालत नाही.

आता मला घडवायला लावणाऱ्या पोरीबद्दल सांगतो. तिचं नाव दीप्ती. ती नववीत आहे आणि तिला जन्मापासून दिसत नाही. तिचे वडील उमरेडजवळच्या कोळसा खाणीत कामाला आहेत, आई हातमागावर बसते. शिकण्यासाठी ती लहानपणापासून नागपुरात नत्थूजी मामाकडे राहते. नत्थूजी बडगे बनवतात. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत आणि पिवळी मारबत या दोन स्त्री-पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि त्यांच्यासोबत कागदाचे, बांबूचे मोठाले पुतळे निघतात. तेच बडगे. कुणी महागाईचा असतो, कुणी भ्रष्टाचाराचा, कुणी डेंग्यूच्या डासाचा. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत लोक त्यांना शहरभर फिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात.

दीप्तीच्या शाळेत धम्मानंद सर भूगोल शिकवत. सर मनानं फार चांगले, आणि सगळी अडचण तिथंच होती. नकाशाचा तास आला की ते मायेनं म्हणत, "दीप्ती, तुला नकाशाचा प्रश्न माफ आहे. तू वऱ्हांड्यात मोकळ्या हवेत बस." मग आत पोरं नकाशे उघडत आणि ही बाहेर बसून कागदांची सळसळ ऐकत राही. सहावीत ऐकली, सातवीत ऐकली, आठवीतही ऐकली. नववीच्या पहिल्याच नकाशाच्या तासाला ती जागची हलली नाही.

"सर, मले माफी काहून?" ती म्हणाली. "मी काय गुन्हा केला का?"

सर गडबडले. "अगं, गुन्हा कसला? सवलत आहे ती. नकाशा डोळ्यांनी वाचायचा असतो ना."

"मंग हातानं वाचता येईन असा द्या."

असा नकाशा शाळेत नव्हता. सरांनी बराच विचार केला आणि सांगितलं, की पोळ्यानंतर भूगोलाचं प्रदर्शन आहे, त्यात एखादा प्रदेश तयार करून समजावून दाखव. जमलं तर नकाशाच्या तासाला तू वर्गात बसशील, परीक्षेत नकाशाचा प्रश्नही सोडवशील. नाही जमलं तर मात्र सवलत घ्यायची आणि पुन्हा हट्ट धरायचा नाही. त्यांना वाटलं होतं, पोरगी फार तर नागपूर जिल्हा करेल. दीप्तीनं अंटार्क्टिकाचं शिखर मागितलं.

त्यालाही कारण होतं. मोबाइलवर धडे ऐकता ऐकता तिनं तिथल्या एका प्रकाराबद्दल ऐकलं होतं. कधीकधी तिथं आभाळ पांढरं, जमीन पांढरी, उजेड चारी बाजूंनी सारखाच, आणि सावली कुठंच पडत नाही. वर काय आणि खाली काय ते कळेनासं होतं. पायापुढचा खड्डा चांगल्या डोळस माणसाला दिसत नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ एका तंबूतून दुसऱ्या तंबूत दोरी धरून चाचपडत जातात. हे ऐकून दीप्ती अंगणात एकटीच खदाखदा हसली होती. "म्हणजे तेथी सगळेच माह्यासारखे!" ती मामीला म्हणाली, आणि तेव्हाच तिनं जागा ठरवून टाकली.

माझा जन्म ऐन बडग्यांच्या घाईत झाला. नत्थूजींच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. आ वासलेली तोंडं, सुपाएवढे कान, न रंगवलेली पोटं सगळीकडे पडलेली. नत्थूजी आधी चिडले, मग भाचीसाठी बसले. कामट्या वाकवून त्यांनी माझा सांगाडा बांधला. पण हाताला लागलेली सवय कुठं जाते? सांगाडा उभा राहताच ते म्हणाले, "आता याले डोये काढतो आन् मिशा लावतो. कसा झकास दिसन पाह्य."

"डोंगराले डोये नसते, मामाजी."

"बिनडोयाचा कोनता पुतळा असते वं?"

"मलेबी डोये नाही. तरी मी हाओच ना?" दीप्ती म्हणाली.

नत्थूजींनी काळ्या रंगाचा ब्रश खाली ठेवला आणि बराच वेळ उगाच सुतळी गुंडाळत बसले. त्यानंतर त्यांनी एकदाच कुरकुर केली. बर्फाखाली गाडलेला भागही बनव म्हटल्यावर ते म्हणाले, "जे कोनाले दिसनार नाही, ते काहून बनवू वं?" दीप्ती म्हणाली, "दिसनार नाही, पन हाताले लागन ना." मग त्यांनी तोही बनवला, आणि कुरकुर केली तरी कामात कसूर केली नाही.

माझा प्रत्येक भाग हाताला वेगळा लागावा, असा दीप्तीचा हुकूम होता. वाऱ्याला तोंड देणाऱ्या कड्यावर त्यांनी वाळू चिकटवली. हिमनदीवर मेणबत्ती घासून ती गुळगुळीत केली. बर्फातल्या जीवघेण्या भेगा पात्यानं चिरल्या. वाऱ्यानं बर्फावर उठवलेल्या लाटांसाठी सुतळ्या डकवल्या, पायाशी खळगी केली. वरच्या एका फटीत कोंबडीचं पांढरं पीस खोचलं. थोरल्यासारख्या शिखरांवर एक पांढरंशुभ्र समुद्रपाखरू घरटं करतं, समुद्र सोडून शेकडो किलोमीटर आत येतं, त्याची ती खूण. आणि शेवटी मामीनं, म्हणजे रुखमाबाईंनी, आपली जुनी पांढरी दुलई दिली. ती माझ्याभोवती पसरली की झालं बर्फाचं मैदान. वरून पाहणाऱ्याला माझं फक्त डोकं दिसे. दीप्ती दुलईखाली हात घाली आणि माझा उतार धरून खाली खाली पार तळापर्यंत जाई. रोज संध्याकाळी ती माझ्यावर बोटं फिरवून धडा म्हणे. आयुष्यात इतका मान मला पुन्हा मिळाला नाही, हे खरं सांगतो.

आणि मग मारबतीचा दिवस उजाडला.

यंदा पिंटू नावाच्या पोराच्या मंडळानं नत्थूजींना कचऱ्याच्या डोंगराचा बडग्या सांगितला होता. तो तयार होऊन मागच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवला होता, पावसाचा भरवसा नव्हता म्हणून. सपरीत मी होतो. नत्थूजी दुसऱ्या मंडळाच्या बडग्याचा निखळलेला हात बांधायला पहाटेच गेले होते. दीप्ती न्हाणीत होती. मामीचे हात कणकेत होते. पिंटूनं दारातूनच विचारलं, "काकू, आमचा डोंगर झाला का?" मामी कामाच्या घाईत ताडपत्रीचं विसरून आतूनच म्हणाली, "हव, सपरीत उभा हाये. घेऊन जा."

एकानं माझ्यावरची दुलई ओढून बाजूला टाकली. चौघांनी मला उचलून ठेल्यावर चढवलं. मग पिंटूनं मला नीट न्याहाळलं आणि तो वैतागला. "कचरा कोठी हाये बे याच्यावर? काकानं अर्धाच ठेवला न काम!" दुसरा म्हणाला, "जाऊ दे ना भौ. गल्लीत कचऱ्याची कमी हाये का?" बघता बघता त्यांनी माझ्या हिमनदीवर वेफर्सची पाकिटं डकवली, कड्यावर खर्ऱ्याच्या पन्न्या लावल्या, शिखराला फाटकी चप्पल टांगली आणि छातीवर पाटी लावली, "कचऱ्याचा डोंगर घेऊन जा गे मारबत!" मित्रांनो, माझ्या थोरल्याच्या अंगणात माणसांनी चॉकलेटचा कागदसुद्धा टाकायचा नाही, सगळा कचरा जहाजात भरून परत न्यायचा, असा देशोदेशींनी मिळून केलेला नियम आहे. आणि त्याच्या धाकट्या भावाची ही दशा! संतापानं माझी कामटी न् कामटी थरथरत होती. ढोलांच्या दणक्यानं थरथरली असं पिंटू नंतर म्हणाला. त्याला काय कळतं?

इकडे घरी काय झालं ते मला मामीकडून समजलं. न्हाऊन आलेल्या दीप्तीनं सवयीनं सपरीत हात पुढे केला. हात दुलईवर पडला, आणि दुलई जमिनीवर सपाट पडलेली होती. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मामी, कोन आलतं?" मामीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कणकेच्या हातांनीच तिनं पोरीचं मनगट धरलं आणि दोघी धावत सुटल्या. प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं.

गर्दी म्हणजे मुंगीला वाट मिळू नये अशी. बडग्यांच्या रांगेत मी मधोमध होतो. माझ्या पुढे डास आणि मागे महागाई. मामी ओरडली, "माय वं! तो पाह्य आपला डोंगर!" दीप्ती आवाजाच्या रोखानं पुढं आली, तिनं ठेल्याची फळी दोन्ही हातांनी पकडली आणि पाय रोवले. ठेला थांबला.

"ओ ताई, बाजूले हो, लागून जाईन," पिंटू म्हणाला.

"हा डोंगर माहा हाये."

"कशावरून? तुले तं..." आणि त्यानं जीभ चावली.

"दिसत नाही, हेच ना? मंग हात लावू दे."

तिनं वेफर्सची पाकिटं टराटरा ओढली आणि माझ्या अंगावर हात ठेवला. मिरवणुकीच्या त्या गोंगाटात ती धडा म्हणू लागली. "हा वाऱ्याकडचा कडा, इथी खरखर लागते. वारा ध्रुवाकडून येते आन् इथी धडकते, म्हनून खाली ही खळगी. ही गुयगुयीत हाये ते हिमनदी, हे तिच्यातल्या भेगा. आन् इथी, या फटीत पाखराचं पीस हाये. काढून पाह्य."

पिंटूनं फटीत बोट घातलं. पीस निघालं. तो पिसाकडे बघत राहिला आणि मग आपल्या पोट्ट्यांवर खेकसला, "हा आपला नाही बे! कोनाचाबी डोंगर उचलून आनला!" मामीनं सांगितलं, तुमचा ताडपत्रीखाली आहे, तो घेऊन जा. मला वाटलं, सुटलो.

पण मंडळाचे म्हातारे आनंदराव पुढे झाले. त्यांनी हात आडवा केला. "थांबा. निघालेला बडग्या माघारी नेत नाही, बाई. एवढ्या लोकांनं त्याले पाहून इडा पिडा म्हटलं. आता गावभरची पीडा बसली त्याच्यावर. घरी नेशीन तं ते सारी तुह्या घरात जाईन." भोवतीच्या लोकांनी माना डोलावल्या. दोन बाया तर माझी सावली पडू नये म्हणून मागं सरकल्या.

मामीचा चेहरा उतरला. ती भाविक बाई होती, दरवर्षी दारातून मारबतीला हात जोडणारी. तिनं दीप्तीचं मनगट ओढलं. "दीप्ते, राहू दे वं. मामा दुसरा बनवून देईन."

"एका रातीत?"

"पन बाहेर काढलेली पीडा घरात कशी नेऊ, बेटा?"

दीप्तीनं फळी सोडली नाही. "मामी, मी झाली तवा लोकं मलेबी असंच म्हनत होते ना? उमरेडले दारात उभं राहून म्हनत होते, पीडा आली घरात. माय सांगते मले. तरी तू मले आनलं का नाही तुह्या घरी?"

मामीनं पदर कमरेला खोचला, आनंदरावांच्या समोरून हात घालून माझ्या छातीवरची पाटी उपटली आणि त्यांच्याच हातात दिली. "आनली होती. बारा जनं नाही म्हनत होते तरी आनली होती. आन् माहं घर तं तवापासून भरलंच. हाबी येईन." मग ती पिंटूकडे वळली. "फिरव ठेला."

पिंटूनं ठेला फिरवला. मित्रांनो, सगळं नागपूर एका दिशेला चाललेलं आणि मी उलट्या दिशेला! लोक बाजूला होत होते, काही शिव्या देत होते. वळताना महागाईचं कोपर लागून माझी पाठ फाटली. फाटू दे म्हटलं. कचऱ्यानं मढलेला, चप्पल लटकवलेला मी त्या गर्दीतून ताठ मानेनं घरी परत आलो. एका बाजूनं दीप्तीनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं मामीनं. थोरल्यानं मला त्या दिवशी पाहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मी ठिगळ लावून उभा राहिलो. एक पन्नी खळीनं पक्की धरून ठेवली होती, ती तशीच राहिली. दीप्तीनं माझ्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं, तोच मुख्याध्यापिका मॅडम हळुवारपणे म्हणाल्या, "बाळ, वस्तूंना हात नाही लावायचा. कार्ड लावलं आहे ना."

"काय लिवलं हाये, मॅडम?"

"हात लावू नये."

धम्मानंद सरांनी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातांनी ती कार्डं प्रत्येक टेबलावर लावली होती. त्यांनी माझ्यासमोरचं कार्ड काढून खिशात घातलं, चष्मा काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दीप्ती, मला दाखव." तिनं त्यांचा हात धरून दुलईखाली नेला. सर चाचपडत खाली जात होते. मध्येच थांबले. "अजून खाली आहे?" दीप्ती म्हणाली, "लय खाली हाये, सर. घाबरू नका, मी हाओ." त्या दिवसापासून ती नकाशाच्या तासाला वर्गात बसते. सर तिच्यासाठी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नकाशे करतात. सुतळ्या वाकड्या जातात, पण जातात.

मी आता त्याच वर्गात असतो. पोरं येता-जाता मला हात लावतात. माझी वाळू झडते, शिखर झिजून गुळगुळीत झालं आहे. मध्यंतरी कुणीतरी सुचवलं, याला काचेच्या पेटीत ठेवू या, टिकेल. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला काच नको. या आणि हात लावा, डोळे मिटून लावा. झिजलो तर नत्थूजी आहेत आणि त्यांची खळ आहे.

परवा सहामाहीचे पेपर वाटले. सरांनी दीप्तीचा पेपर वाचून दाखवला. नकाशाच्या प्रश्नात तिनं कन्हान नदी नागपूरच्या भलत्याच अंगाला नेऊन ठेवली होती. सर क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "दीप्ती, मी मार्क कापले आहेत." ही आता रडते की काय, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

"बाकीच्यांचेबी कापले का, सर?" तिनं विचारलं.

"ज्यांचं चुकलं, त्यांचे सगळ्यांचे कापले."

दीप्ती बाकावर हात आपटून मोठ्यानं हसली. "मामीले सांगतो आज," ती म्हणाली, "सरनं माहे मार्क कापले!"